जुन्या कंप्युटरवरचं सगळं नव्यावर न्यायचंय: डीटीपीच्या फायली, कुलवृत्तांत आणि बाकीचा पसारा

लकडीपूल (धागाकर्ता)

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय.

बाबांचा कंप्युटर बदलतोय. जुना म्हणजे २०१० साली असेंबल करून घेतलेला डबा. विंडोज ७, ५०० जीबीची हार्ड डिस्क, सी-डी-ई असे तीन भाग, त्यातलं साधारण ३०० जीबी भरलेलं. नवा विंडोज ११ वाला, ५१२ जीबी एसएसडी. बाबांची पुण्यात नारायण पेठेत बरीच वर्षं डीटीपीची (कंप्युटरवर छपाईची पानं जुळवायची) खोली होती. लग्नामुंजीच्या पत्रिका, संस्थांचे अहवाल, क्लासवाल्यांच्या नोट्स, मंडळांच्या स्मरणिका. खोली सोडली, कंप्युटर घरी आला, धंदा थांबला. पण आमच्या कुलवृत्तांताच्या पुरवणीचं काम अजून त्यावरच चालू आहे. पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी फाँटचं).

नवा मशीन घेतला तिथला माणूस म्हणाला, "डी आणि ई कॉपी करून देतो, सी मध्ये काय नसतंय, नुसतं विंडोज असतं. दीड हजार होतील, डबा ठेवून जा." मला डबा ठेवून जायचा नाही. त्यात कुळातल्या दीडदोन हजार माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, फोन नंबर आहेत.

तर, हलवायचं कशाने? सी मध्ये खरंच काही नसतं का? आणि पेजमेकरच्या फायली नव्यावर उघडतील का? बाबांची अट एकच, "माझं डेस्कटॉप जसंच्या तसं दिसलं पाहिजे." त्या डेस्कटॉपवर मागचा वॉलपेपर कुठला आहे हे आयकॉनांमुळे आजवर कुणालाही कळलेलं नाही.

जुना भिडू

मोठा पेन ड्राईव्ह घ्या. कॉपी. पेस्ट. विषय संपला.

मुळामुठा

विषय असा संपत नाही भिडू.

लकडीपूल, कॉपीला हात लावायच्या आधी डिस्कची तब्येत बघा. पंधरा वर्षांची डिस्क आहे. क्रिस्टल-डिस्क-इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर विंडोज ७ वर चालतं. उघडल्यावर निळं 'गुड' दिसलं तर निवांत. पिवळं 'कॉशन' दिसलं तर खालच्या यादीत दोन ओळी बघा: ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, आणि सी-५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट बघत पडलेले सेक्टर. सी-५ शून्य नसेल तर डीफ्रॅग नको, चेकडिस्क नको, व्हायरस स्कॅनही नको. ही सगळी कामं आजारी डिस्कला आणखी पळवतात. सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर आधी उचलायचं, बाकीचं मग. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा, घरगुती प्रयोग नकोत.

तब्येत बरी असेल तर माझं मत: डिस्क डब्यातून बाहेर काढा आणि साटा-टू-यूएसबी ३.० केबलने थेट नव्या मशीनला लावा. तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळेल. पण घेताना 'साडेतीन इंची डिस्कसाठी, अॅडॅप्टरसकट' असं स्पष्ट सांगा. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालते. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते अॅडॅप्टरशिवाय मिळत नाहीत. नुसती केबल घेऊन येतात आणि मग डिस्क मेली म्हणून रडतात.

वेळेचा हिशोब: जुन्या मशीनला यूएसबी २.० च असणार. त्यातून सेकंदाला ३०-३५ एमबी जातात, म्हणजे ३०० जीबीला तीनेक तास, तेही सलग मोठ्या फायली असतील तर. यूएसबी ३ ने तीच डिस्क सेकंदाला १०० च्या आसपास देईल, तासाभरात काम. बारक्या बारक्या हजारो फायली असतील तर दोन्हीकडे वेळ वाढेल. नवे पेन ड्राईव्ह बरेचदा फॅट-३२ मध्ये येतात, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही. बाबांचं एखादं लग्नाचं व्हिडिओ शूटिंग असेल तर तिथेच गाडी अडेल.

जुना भिडू

मग एक्सएफॅटमध्ये फॉरमॅट करा की. एवढं काय त्यात.

मुळामुठा

मान्य. विंडोज ७ ते वाचतं. पण पेन ड्राईव्ह मध्ये आला की कॉपी दोनदा होते, आणि चुकायच्या जागाही दोन होतात.

सीएकाकू

"सी मध्ये काय नसतंय" हे वाक्य वाचून रक्तदाब वाढला. 🙂 आमच्या एका क्लायंटचा मशीन असाच एका दुकानात गेला. डी ड्राईव्ह नीट कॉपी झाला, सी फॉरमॅट झाला, आणि टॅलीचा डेटा सी मध्येच होता. दुकानदार म्हणतो तुम्ही सांगितलं नाही. क्लायंट म्हणतो मला कुठे माहीत.

लक्षात ठेवा, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळं सी मध्येच असतं, 'यूजर्स' फोल्डरच्या आत. बाबांच्या त्या आयकॉनांचा मुक्काम तिथेच. त्याशिवाय 'अॅपडेटा' नावाचं लपलेलं फोल्डर असतं. ब्राउझरचे बुकमार्क आणि बऱ्याच प्रोग्रॅमांची सेटिंग्ज त्यात जातात. आउटलुक वापरत असतील तर पीएसटी फाईल शोधा. जुन्या आवृत्त्यांत ती अॅपडेटात असते, २०१० पासून डॉक्युमेंट्समध्ये 'आउटलुक फाईल्स' खाली.

धंद्याचे हिशोब टॅलीत असतील तर 'डेटा' फोल्डर उचला, आणि जुना मशीन चालू असतानाच लायसन्स सरेंडर करा. आधी डिस्क उपसून बसलात तर नव्यावर लायसन्स चालू करताना खेटे घालावे लागतील. डिजिटल सहीची काळजी नको, ती यूएसबी टोकनमध्येच असते. नव्यावर फक्त टोकनचा ड्रायव्हर टाकायचा.

आणि धंदा बंद झाला म्हणून हिशोब उडवू नका. जीएसटी नोंदणी असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने वह्या ठेवाव्या लागतात. कंपनी असेल तर ८ आर्थिक वर्षं.

ताई_कोथरूडच्या

काकू, ब्राउझरमधले पासवर्ड पण येतात का हो तसेच? आमच्या ह्यांचे सगळे पासवर्ड क्रोमलाच पाठ आहेत, ह्यांना एकही नाही.

मुळामुठा

नुसतं फोल्डर कॉपी करून नाही येत ताई. पासवर्ड त्या मशीनच्या विंडोज लॉगिनला बांधून कुलूपबंद केलेले असतात. जुना मशीन चालू असताना क्रोममध्ये जाऊन ते एक्सपोर्ट करायचे, नव्यावर इम्पोर्ट करायचे आणि ती मधली फाईल लगेच उडवायची, कारण तिच्यात सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. व्हॉट्सअॅपवरून स्वतःलाच पाठवू नका कृपया.

विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे गेलेलं नाही, तेव्हा जुन्या मशीनवर बँकेची कामं करणं तसंही थांबवा.

संत्रानगरी

का भाऊ, एवढं पुराण कायले? गुगल ड्राईव्हवर टाका न सारं, नव्या कंप्युटरवर उतरवून घ्या. झालं.

सीएकाकू

फुकटात १५ जीबी मिळतात, त्यातच जीमेल आणि फोटो. ह्यांच्याकडे ३०० आहेत.

संत्रानगरी

अरे हो, ३०० वाचलंच नाही म्या. 😄 मंग केबलच बरी. पण ते कुलवृत्तांताचं एक फोल्डर तरी ड्राईव्हवर ठेवा बाप्पा. घरी चोरी झाली, आग लागली, तर केबल काय कामाची?

लकडीपूल

संत्रानगरी, ते मात्र पटलं. सीएकाकू, टॅली नाही, बाबांचे हिशोब वहीत. पण अॅपडेटाचं मला अजिबात माहीत नव्हतं, धन्यवाद.

डिस्कची तब्येत: पिवळं 'कॉशन'. ०५ शून्य, सी-५ च्या रॉ व्हॅल्यूत आकडा आहे, मोठा नाही पण आहे. आता?

मुळामुठा

आता क्रम बदला. कुलवृत्तांत आजच्या आज वेगळ्या डिस्कवर. विंडोजचं साधं ड्रॅग-ड्रॉप खराब जागेवर आलं की गोठून बसतं आणि काय राहिलं ते धड सांगत नाही. 'रोबोकॉपी' ही कॉपीची आज्ञा वापरा. व्हिस्टापासून विंडोजमध्येच असते, वेगळी टाकावी लागत नाही. मोबाईलवर मराठी कळफलक आहे म्हणून पूर्ण आज्ञा इथे टंकत नाही. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) तिचं नाव आणि पुढे स्लॅश-प्रश्नचिन्ह दिलंत की सगळे पर्याय वाचायला मिळतील. त्यातल्या चार गोष्टी सांगतो.

'आर' आणि 'डब्ल्यू' दोन्हीला १ द्या. हे फार महत्त्वाचं. काही न सांगता सोडलं तर एक फाईल वाचता आली नाही की रोबोकॉपी ती दहा लाख वेळा पुन्हा वाचून बघते, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. गुणाकार करा, एका फायलीपायी साडेअकरा महिने.

'एक्सजे' द्या. विंडोजच्या यूजर फोल्डरमध्ये काही फोल्डरं नुसती दिशादर्शक असतात, फिरून स्वतःकडेच आणतात. हा पर्याय नसेल तर कॉपी गोल गोल फिरत राहते. 'लॉग' द्या, म्हणजे न आलेल्या फायलींची यादी हातात पडते. 'डीकॉपी'ला 'टी' द्या, म्हणजे फोल्डरांच्या जुन्या तारखा टिकतात. कुठलं काम कुठल्या सालचं हे बाबा तारखेवरूनच शोधत असणार.

आणि 'एमआयआर' हा पर्याय समजल्याशिवाय वापरू नका. तो जुन्या बाजूला आरसा धरतो. म्हणजे नव्या बाजूला जे जास्तीचं असेल ते उडवतो.

कॉपी लावायच्या आधी दोन्हीकडचं स्लीप बंद करा. गुरुवारी लावू नका, आमच्या भागात देखभालीसाठी लाईट जाते ती गुरुवारीच.

जुना भिडू

डिस्कचा अख्खा क्लोन (हुबेहूब प्रत) करून नव्यात टाकला तर? डेस्कटॉप जसंच्या तसं. बाबा खूष.

मुळामुठा

विंडोज ७ चा क्लोन नव्या मशीनमध्ये उठणारच नाही बहुतेक. त्याला नव्या एनव्हीएमई एसएसडीचे आणि यूएसबी ३ चे ड्रायव्हर मुळात माहीत नाहीत. उठला तरी विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० लाच थांबलेत. क्लोनची कल्पना वाईट नाही, जागा चुकीची आहे. कशी ते अनुस्वार सांगतील, त्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही म्हणजे मोठा प्रतिसाद येतोय.

अनुस्वार

येतोच आहे. 🙂 वरच्या सगळ्यांनी फायली पोचवल्या. पण डीटीपीत फाईल पोचणं आणि फाईल उघडणं यात बरंच अंतर आहे, आणि ह्या धाग्यातली खरी अडचण तिथे आहे. पुस्तकं-छपाईवाल्यांच्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आयुष्य गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

फाँट. श्रीलिपी (आपल्या पुण्याच्याच मॉड्युलरची), सी-डॅकचं आयएसएम, आकृती, शिवाजी हे जुने फाँट युनिकोडचे (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताचे) नाहीत. फायलीत 'क' हे अक्षर नसतंच. असतो एखाद्या इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक, आणि त्या जागी फाँटने 'क' चं चित्र ठेवलेलं असतं. फाँट गेला की पानभर फुल्या-चांदण्या. म्हणून जुन्या मशीनच्या विंडोजमधलं 'फाँट्स' फोल्डर सबंध उचला, फक्त '०७०८' हा श्रीलिपीचा नेहमीचा फाँट नव्हे. बाबांनी २००५ च्या एखाद्या स्मरणिकेत शीर्षकाला कुठला वळणदार फाँट वापरला होता ते आता त्यांनाही आठवणार नाही. टाईप-१ प्रकारचे फाँट असतील तर तेही जपा, पण अॅडोबी कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालत नाहीत. जानेवारी २०२३ पासून त्यांनी तो आधार काढून टाकला.

कुलूप. श्रीलिपीचं डाँगल (पोर्टला लावायची किल्ली, जिच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) आहे का? जाड पंचवीस पिनांचं, प्रिंटरच्या पोर्टला लागणारं असेल तर नव्या मशीनला ते पोर्टच नाही. यूएसबीचं असेल तर थोडी आशा आहे, त्याचा ड्रायव्हर विंडोज ११ घेतं का ते बघावं लागेल.

पेजमेकर. शेवटची आवृत्ती ७, साल २००१. अॅडोबीने त्याच्या जागी इनडिझाईन आणलं, त्यातलं सीएस-६ पर्यंतचं पेजमेकरच्या फायली उघडायचं, नंतरचं उघडत नाही. फुकटातला लिबरऑफिस ड्रॉ उघडतो, पण पानाची मांडणी हलते. आत काय आहे ते बघण्यापुरता ठीक, छपाईसाठी नाही.

चित्रांच्या जोडण्या. पेजमेकर फोटो पोटात घेतोच असं नाही, बरेचदा नुसता पत्ता लिहून ठेवतो. डी ड्राईव्ह, अमुक फोल्डर, तमुक फोटो. नव्या मशीनवर एकच सी ड्राईव्ह केलात तर सगळे पत्ते चुकतील आणि पणजोबांच्या जागी करडी चौकट येईल. दोन उपाय. एक, नव्यावरही डी आणि ई अशीच नावं ठेवून भाग पाडा. दुसरा जास्त चांगला: जुन्या मशीनवर फाईल उघडून 'सेव्ह अॅज' मध्ये 'ऑल लिंक्ड फाईल्स' निवडा आणि कामागणिक वेगळ्या फोल्डरमध्ये साठवा. फाईल आणि तिचे फोटो एकत्र बांधले जातात. कंटाळवाणं काम आहे. सगळ्या पत्रिकांसाठी करू नका, कुलवृत्तांत आणि निवडक स्मरणिकांसाठी नक्की करा.

पीडीएफ. जुना मशीन धडधाकट आहे तोवर महत्त्वाच्या प्रत्येक कामाची फाँटसकट पीडीएफ काढून ठेवा. हे सगळ्यात आधी. पुढे पेजमेकर, श्रीलिपी, डाँगल सगळं मेलं तरी पान जसंच्या तसं दिसेल आणि छापता येईल. एवढंच की त्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येणार नाही, आणि मजकूर कॉपी केलात तर पुन्हा फुल्या-चांदण्याच.

आणि बाबांचं काय? बाबांच्या वयाच्या माणसाला पुरवणी निम्मी झालेली असताना इनडिझाईन शिकायला लावू नका. मुळामुठा म्हणाले तो क्लोन इथे कामाचा. एक साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्या, क्लोन करून *जुन्याच* डब्यात बसवा. आजारी डिस्क सुट्टीवर जाईल आणि तोच डबा असा पळेल की बाबा तुम्हाला नवा कंप्युटर कशाला घेतला विचारतील. इंटरनेटची तार काढून टाका. पुरवणी तिथेच पुरी होऊ द्या. नव्या मशीनवर मेल, बँक, फोटो, यूट्यूब.

लकडीपूल

अनुस्वार, दंडवत. डाँगल यूएसबीचं निघालं.

बाबांना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "हा माणूस धंद्यातला दिसतोय," एवढं म्हणाले आणि लगेच पीडीएफ काढायला बसले. मला उठवलं खुर्चीवरून.

एक विचारतो, कुलवृत्तांत कधीतरी युनिकोडमध्ये आणायचाच आहे, म्हणजे नातेवाइकांना मोबाईलवर नाव शोधता येईल. कन्व्हर्टर मिळतात ना?

अनुस्वार

मिळतात. सी-डॅकचं 'परिवर्तन' आहे, इतरही आहेत. पण आंधळा विश्वास नको, आणि कारण समजून घ्या म्हणजे चुका कुठे शोधायच्या ते कळेल.

जुन्या फाँटमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी येते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, म्हणजे वेलांटी व्यंजनानंतर. रफाराचं उलटं. दिसतो शेवटी, पण युनिकोडला 'र्' आधी लागतो. कन्व्हर्टरला प्रत्येक ठिकाणी ही उचलठेव करावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो गडबडतो. मग 'मार्च'चा 'माचर्' होतो, 'कीर्ती'ची 'कीतीर्', 'स्थिती'ची 'िस्थती'. अशी रूपं जुन्या बातम्यांत पाहिली असतील.

कथा-कादंबरीत असा शब्द वाचणाऱ्याला खटकतो, तो मनात दुरुस्त करून पुढे जातो. कुलवृत्तांतात तसं होत नाही, कारण तिथे नावं आहेत. 'दुर्गा' बिघडली तर शोधात सापडतच नाही, त्या वंशशाखेपुरती ती नाहीशी. म्हणून परिवर्तन झाल्यावर रफार आणि पहिली वेलांटी असलेली नावं वेगळी काढून डोळ्यांखालून घाला. आकडेही बघा, जन्मसालात ७ चा ९ झाला तर कुणाच्या लक्षात येणार?

वर्डच्या जुन्या फायलींमध्ये एक जास्तीचा घोळ. मधूनमधून खरंच इंग्रजी मजकूर असतो, ई-मेल पत्ता, अमेरिकेतला घरपत्ता. कन्व्हर्टरला फाँट बघून भेद करता आला नाही तर तो इंग्रजीचंही मराठीकरण करून टाकतो. अमेरिकेतल्या शाखेचे पत्ते आधी वेगळे काढा.

ताई_कोथरूडच्या

मला डीटीपीतलं काही कळलं नाही पण वाचायला मजा आली. फोटोंचं सांगा ना कुणीतरी. आमच्याकडे तेच फोटो चार चार फोल्डरमध्ये आहेत. आधी निवडून मग हलवावेत का?

सीएकाकू

आधी सगळं हलवा, मग निवडा. निवडायला बसलात की २००७ च्या महाबळेश्वरच्या सहलीत तीन तास जातात आणि कॉपी राहून जाते.

नव्या विंडोजबद्दल एक. पहिल्यांदा चालू करताना ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वनड्राईव्हमध्ये न्यायला बघतं. तिथे फुकट जागा ५ जीबी. जुने फोटो डेस्कटॉपवर ओतलेत की ते सगळे वर चढायला लागतात, जागा भरते आणि मग रोज पैसे भरा म्हणून निरोप. नको असेल तर वनड्राईव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बॅकअप बंद करा, *मग* फोटो ओता. उलट कुणाचा जुना मशीन विंडोज १० वाला असेल आणि त्यावर वनड्राईव्ह चालू असेल तर ढगाचं चिन्ह असलेल्या फायली डिस्कवर नसतातच, नुसती नावं असतात. डिस्क उपसून त्या मिळणार नाहीत.

मुळामुठा

काकूंना +१. त्याच सुरात, बऱ्याच नव्या मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, ती कागदावर लिहून कपाटात ठेवा. पुढल्या वेळी *ही* डिस्क उपसून लावाल तेव्हा तीच मागेल.

लकडीपूल

खबरबात देतो.

कुलवृत्तांत आणि स्मरणिका मुळामुठांच्या सूचनेप्रमाणे आधी वेगळ्या डिस्कवर घेतल्या, कुलवृत्तांताची एक प्रत गुगल ड्राईव्हवर चढवली. मग सगळ्या डिस्कची रोबोकॉपी. लॉगमध्ये मोजक्याच फायली न आलेल्या निघाल्या. बहुतेक विंडोजच्याच, एक कुणाच्या तरी लग्नाची व्हिडिओ फाईल (कुणाच्या ते बाबांनाही ओळखता आलं नाही) आणि एक स्मरणिका. स्मरणिकेची सीडी माळ्यावर सापडली आणि चक्क वाचली गेली. नव्याला सीडी ड्राईव्ह नाही, जुन्याच डब्यात वाचली.

डिस्क नव्या मशीनला केबलने लावली तेव्हा बाबांच्या फोल्डरवर 'परवानगी नाही' असं येत होतं. घाबरलो होतो.

मुळामुठा

'कंटिन्यू' दाबलंत ना? जुन्या विंडोजमधले बाबा आणि नव्या विंडोजमधले बाबा हे त्याच्या लेखी दोन वेगळे इसम. अॅडमिन असाल तर एकदा 'कंटिन्यू' म्हटलं की ताबा देतं.

तपासलंत का? दोन्हीकडे फोल्डरवर राईट क्लिक करून फायलींची संख्या आणि बाईट जुळवा. कुलवृत्तांतापुरतं फ्रीफाईलसिंकमध्ये 'आतला मजकूर' पर्याय घेऊन पडताळा. आकार तोच आणि आत सगळी शून्यं, असं आजारी डिस्कवर होऊ शकतं.

लकडीपूल

संख्या जुळली. मजकुराची पडताळणी रात्री लावतो. क्लोन झालाय, एसएसडी जुन्या डब्यात बसली, डाँगल ओळखलं, पेजमेकर उघडला. अनुस्वार, तुमचं भाकीत खरं ठरलं. बाबा म्हणाले, "मग तो नवा कशाला आणलास?"

आता काढलेल्या जुन्या डिस्कचं काय करू? भंगारवाला मागतोय.

सीएकाकू

भंगारवाल्याला मुळीच नाही. दीडदोन हजार माणसांच्या जन्मतारखा म्हणालात ना? फॉरमॅट केल्याने डेटा जात नाही, यादी पुसली जाते फक्त.

मुळामुठा

घाई नको. पुरवणी छापून हातात येईपर्यंत ती डिस्क तारीख लिहून कपाटात ठेवा, ती तिसरी प्रत. मग सबंध डिस्कवर शून्यं लिहिणारं फॉरमॅट करा. 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढली की विंडोज तेच करतं. आजारी डिस्क ते पुरं करू शकली नाही तर उघडून आतल्या तबकड्यांवर ओरखडे काढा, डोळ्यांना चष्मा लावून, कारण काही तबकड्या काचेच्या असतात आणि फुटतात. नंतर ई-कचऱ्यात. 'स्वच्छ'वाले (पुण्यातली कचरावेचकांची संस्था) ई-कचरा घेतात, तुमच्या भागात कधी येतात ते विचारून घ्या.

जुना भिडू

एक शंका. एचपी १०२० प्रिंटर विंडोज ११ वर चालतो का? बाबांकडे तोच असणार, डीटीपीवाल्यांकडे तोच असतो.

लकडीपूल

भिडू, तोच आहे. 😄 मीही हेच विचारणार होतो.

अनुस्वार

माझ्याकडे चालतोय. केबल लावायच्या आधी ड्रायव्हर टाका. पुढचं प्रिंटरच्या धाग्यावर विचारा, हा धागा उघडताना माझा मोबाईल आता गरम व्हायला लागलाय.